मोकळ्या समाजाची वाट: देहू ते पंढरपूर, मुक्कामागून मुक्काम

तुकोबांच्या पालखीबरोबर चालणारे दोन प्रकारचे असतात. दिंडीतल्या वारकऱ्याने भिशी, म्हणजे जेवणा-राहण्याची वर्गणी, भरलेली असते. त्याच्या दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे गेलेला असतो, मुक्कामाला राहुटी उभी असते, आचारी आणि टँकर ठरलेला असतो. दुसरा तो मोकळा समाज. खांद्याला पिशवी, पिशवीत ताट-तांब्या, एक पांघरूण, पावसासाठी प्लास्टिकचा कागद. त्याची राहुटी नाही, आचारी नाही. त्याचं जेवण, आंघोळ, झोप आणि तुटलेली चप्पल हे सगळं वाटेवरच्या अनोळखी लोकांच्या भरवशावर असतं, आणि वर्षानुवर्षं ते निभावतं. ते कुठे, किती वाजता, कोणत्या वस्तूने निभावतं आणि कुठे फसतं, ते दिवसागणिक पुढे येईल. चालणाऱ्यालाही कामाचं आहे, पण जास्त करून वाटेवर उभं राहून काही देऊ इच्छिणाऱ्यासाठी आहे.

पहिला दिवस: देहू, ज्येष्ठ वद्य सप्तमी

प्रस्थान दुपारनंतर होतं, मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला असं परंपरा सांगते. आज फारसं चालणं नाही, म्हणून पिशवी पुन्हा तपासायला हाच दिवस. वजन तीन-चार किलोंच्या पुढे गेलं तर सहाव्या दिवशीच्या यवत मुक्कामाच्या आत खांदा बोलू लागतो. नवी कोरी चप्पल घालून निघू नये. महिनाभर वापरलेली असावी, आणि पट्टे शिवलेले असावेत, नुसते चिकटवलेले नकोत.

गावातल्या ओसऱ्या आज उघड्या असतात. पथारी टाकण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी विचारावं, एवढीच रीत. नाही म्हणणारं घर क्वचित भेटतं.

दुसरा दिवस: देहू ते आकुर्डी

गावाबाहेर पडताच पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. पहिली विश्रांती, अभंग आणि आरती इथेच. पुढे चिंचोलीच्या पादुका, देहूरोड, निगडी आणि आकुर्डीचं विठ्ठल मंदिर.

हा टप्पा कारखान्यांचा आणि सोसायट्यांचा. देणाऱ्यांची गर्दी इतकी की दर शंभर पावलांवर मांडव आणि प्रत्येकावर केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. दहा वाजेपर्यंत वारकऱ्याच्या पिशवीत बिस्किटांचे सात पुडे झालेले असतात. आठवा पुडा तो नाही म्हणत नाही, कारण हात पुढे करणाऱ्याला 'माउली' म्हणून नमस्कार करायची सवय. मग ते ओझं निगडीच्या पुढे कट्ट्यावर ठेवलेलं दिसतं. पाण्याच्या बाटल्यांचंही तेच. अर्धी प्यायलेली बाटली रस्त्याकडेला आणि मागून येणाऱ्याचा पाय तिच्यावर.

इथे उभं राहायचंच असेल तर पाण्याचा पिंप, तोट्या आणि स्वतःचा तांब्या भरून घेण्याची सोय करा. पिंपातलं पाणी क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास तसंच राहू द्यावं, मगच तोटी उघडावी. घाईत टाकलं आणि लगेच वाटलं तर वासही येतो आणि जंतूही मरत नाहीत. केळी द्यायचीच असतील तर मांडवाच्या पुढच्या पन्नास पावलांवर सालींसाठी पोती टांगा. माणूस चालता चालता खातो, त्यामुळे साल मांडवापाशी पडत नाही, पुढे पडते.

अजून एक गोष्ट वेळेची. मोकळा समाज रथासोबत चालत नाही, त्याच्या कितीतरी पुढे असतो. पहाटे तीन-चारला निघालेला माणूस रथ येईपर्यंत निम्मी वाट संपवतो. आठ वाजता फलक लावून नऊला वाटप सुरू करणाऱ्या मांडवापुढून तो कधीच गेलेला असतो. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचायचं तर चहाचं पातेलं चार वाजता उकळलेलं हवं.

तिसरा आणि चौथा दिवस: पुणे

पिंपरी, कासारवाडी, दापोडी, शिवाजीनगर करत पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी जवळच भवानी पेठेतल्या पालखी विठोबापाशी. दोन्ही सोहळे दोन रात्री शहरात असतात. पेठांतल्या शाळा, वाडे, तालमी, दुकानांचे गाळे माणसांनी भरतात. अनेक घरी तीच दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. आजोबांच्या वेळी आलेल्यांची नातवंडं आता येतात, आणि यजमानांचीही नातवंडंच दार उघडतात.

खाण्याची पुण्यात ददात नाही. उणीव असते ती वेगळ्या गोष्टींची, आणि ती भरून काढणारे लोक हे या दोन दिवसांचं खरं वैभव आहे.

चप्पल दुरुस्ती आधी सांगतो. चर्मकार बांधव फुकट चपला शिवून देतात, त्यांच्यापुढे रांग सगळ्यात लांब. सर्वांत जास्त तुटतो तो चपलेचा अंगठा, त्याखालोखाल टाचेचा पट्टा. पावसात भिजलेल्या चपलेवर चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही. दोन्ही बाजू कोरड्या करून, लेप देऊन, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि रांगेत तेवढा वेळ नसतो. म्हणून अनुभवी कारागीर सरळ आरी आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा घेतात. खिळा टाळतात, कारण झिजलेल्या तळातून तो दोन दिवसांत वर येतो आणि टाचेत घुसतो. हे काम भरवायचं असेल तर कारागिराशेजारी पाच-सहा जोड जुन्या चपला ठेवा. आपली चप्पल शिवून होईपर्यंत माणूस त्या पायात घालून आंघोळीला जाऊन येतो, रांग अडत नाही.

नाभिक मंडळी दाढी-केस करून देतात. इथे एकच अट पाळायची: प्रत्येक दाढीला नवं अर्धं पातं. शंभर दाढ्यांना पन्नास पाती लागतात, म्हणजे खर्च किरकोळ आहे. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात, उघड्या कचऱ्यात नाही. रस्त्यावर अनवाणी माणसं चालत असतात.

मोबाइल चार्जिंगचे टेबल आता जागोजागी असतात. लोक नव्या पिना आणून ठेवतात आणि ज्येष्ठांचे फोन निघतात जुन्या बारीक गोल पिनेचे. प्रत्येक प्रकारच्या किमान चार-पाच पिना हव्यात. फोन ठेवून घेताना त्याला रबरबँडने क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि तीच चिठ्ठी माणसाच्या हातात द्यायची. हे न केल्याने एकसारखे दोन फोन बदलले जातात, आणि मग गावाकडच्या सुनेचा फोन भलत्याच माणसाला लागतो.

आता घरांबद्दल. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाला वारकऱ्यांसाठी काही करायचं असेल तर जेवणाआधी आंघोळीचा विचार करावा. विशेषतः बायकांसाठी. वाटेवर बायका अंधारातच, दोन-तीन वाजता आंघोळ उरकतात, लुगड्याच्या आडोशाने. एखाद्या घराने रात्री आठ ते अकरा आपली न्हाणी उघडली, गरम पाण्याची दोन पातेली ठेवली, आतून लागणारी कडी आणि कपडे टांगायला खुंट्या दिल्या तर वीस-पंचवीस जणींची सोय होते. सॅनिटरी पॅड आतच ठेवावेत, हातात देऊ नयेत. मागायला लागलं की निम्म्या जणी घेत नाहीत. दुसरी अडचण ओल्या कपड्यांची. पावसाळ्यात वाड्यात दोरी कमी पडते. जिन्यात, गच्चीच्या पत्र्याखाली, पार्किंगमध्ये चाळीस-पन्नास फूट दोरी बांधून एक पंखा लावला तर सकाळी कोरडं धोतर नेसून माणूस बाहेर पडतो. ओल्या कपड्यात चाललं की जांघा घासतात, आणि त्या दुखण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून त्यावर औषधही मिळत नाही. पेट्रोलियम जेलीची छोटी डबी हा पुण्यातल्या मांडवांत क्वचित दिसणारा पण फार उपयोगी ऐवज आहे.

माउलींच्या सोहळ्यातली एक गोष्ट पुण्यातून जाताना ऐकून ठेवण्यासारखी आहे. मुक्कामाच्या समाज आरतीला चोपदार दंड उंच करतो, टाळ-मृदंग क्षणात थांबतात आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. सापडलेले पैसे, दागिने, पिशव्या तिथे आणून दिल्या जातात. लाखोंच्या जमावात सोन्याची वस्तू मालकाकडे परत जाण्याची ही व्यवस्था फक्त शांतता आणि एका आवाजावर चालते.

पाचवा दिवस: पुणे ते लोणी काळभोर

बहुतेक वर्षी आज योगिनी एकादशी असते. देणारे हे विसरतात आणि हडपसरच्या बाजूला पोह्यांची, पुरीभाजीची पातेली तशीच राहतात. तिथी आधी पंचांगात पाहावी.

साबुदाण्याची खिचडी करायची तर एक किलो साबुदाण्याला अर्धा किलो शेंगदाण्याचं कूट आणि अर्धा ते पाऊण किलो बटाटा धरावा. यात बारा-पंधरा जणांचं होतं. साबुदाणा धुऊन, जेमतेम वर पाणी राहील इतकंच ठेवून चार-पाच तास भिजवायचा. पाणी जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो आणि पत्रावळीवरून सुटत नाही. एका कढईत एका वेळी तीन किलोंहून जास्त टाकू नये, खालचा थर लागतो आणि वरचा कच्चा राहतो. फोडणीत हळद-मोहरी नको. काहीजण कोथिंबीरही चालवून घेत नाहीत, ती बाजूला वेगळी ठेवावी. आदल्या दिवशी कांद्यात फिरलेला झारा तर अजिबात नको. उपास करणाऱ्याला तो वास पहिल्या घासाला कळतो.

यापेक्षा सोपा आणि जास्त टिकणारा पर्याय म्हणजे शेंगदाणा-गुळाचे लाडू. एक किलो भाजलेले दाणे, सहा-सातशे ग्रॅम गूळ, पन्नासेक लाडू. चूल लागत नाही, सांडत नाहीत, पिशवीत दोन दिवस राहतात. गूळ चिकीचा नको, साधा मऊ. कूट फार बारीक केलं तर तेल सुटून लाडू बसतात.

सहावा दिवस: लोणी काळभोर ते यवत

साधारण पंचवीस किलोमीटर, दुपारची विश्रांती उरुळी कांचनला. काल उपास आणि आज लांबचा टप्पा. द्वादशीला संध्याकाळी यवतला पोचणारा माणूस खरोखर भुकेला असतो. यवतचं पिठलं-भाकरी इतकं नावाजलेलं का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

गाव मोठ्या कढयांमध्ये शेकडो किलो बेसनाचं पिठलं काळभैरवनाथाच्या देवळापाशी शिजवतं आणि भाकरी घराघरांतून येतात. म्हणजे चुलीचं ओझं वाटून घेतलेलं आहे. पिठलं एका जागी करता येतं. हजारो भाकऱ्या एका जागी थापता येत नाहीत, हे गावाला पक्कं ठाऊक आहे. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात. एका घराने दोन-तीन किलोंच्या केल्या तरी घरची कामं सांभाळून उरकतं. अशी घरं शेकड्यांनी जमली की ढीग उभा राहतो.

हे दुसऱ्या गावात करायचं असेल तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. गरम भाकरी एकावर एक रचली की घाम सुटतो, खालच्या भाकरी ओल्या होऊन चिकटतात आणि पहाटेपर्यंत त्यांना आंबूस वास येतो. धोतराच्या कापडावर सुट्या पसरून वाफ जाऊ द्यावी, मग पाटीत कापड घालून रचाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच नाही. पिठल्याला एक किलो बेसनामागे चार ते पाच लिटर पाणी धरावं, पंचवीस-तीस जणांना पुरतं. यातलं लिटर-दीड लिटर गार पाणी बेसन कालवायला, बाकीचं फोडणीवर उकळायला. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, आणि मोठ्या कढईतली गुठळी बाहेरून शिजलेली दिसली तरी आतून पीठच असते. एकाने धार धरायची, दुसऱ्याने लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून हलवत राहायचं. उतरवताना ते पातळच ठेवायचं. तासाभरात घट्ट होतंच, म्हणून शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं हवं. मिरची बेताची, कारण पंगतीत म्हातारी माणसं आणि पोरं दोन्ही असतात. ठेचा वेगळा.

वाढताना रांगेपेक्षा पंगत बरी. रांगेत मागचा माणूस संपेल या धास्तीने ढकलतो. पंगतीत बसलेल्याला वाढपी आपल्यापर्यंत येणार हे दिसत असतं. यवतमध्ये इतकी माणसं जेवूनही रेटारेटी होत नाही याचं श्रेय अन्नाइतकंच या बसवण्याला द्यायला हवं.

सातवा आणि आठवा दिवस: वरवंड, मग उंडवडी गवळ्याची

यवत ते वरवंड सरळ रस्ता, चौफुल्याला चहा, फार सांगण्यासारखं नाही.

पाटसनंतर मात्र रस्ता सोलापूरची वाट सोडून रोटी घाटात चढतो. घाट उंचीने मोठा नाही, पण रथाचं वजन आणि मागून येणारी माणसं पाहता चढ जड जातो. इथे परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जादा बैलजोड्या रथाला जोडल्या जातात. जून-जुलैत पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने आपली जोडी दिवसभर देणं हे मोठं देणं आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की एकेक दिवस मोजलेला असतो.

अनोळखी जोड्या एकत्र जुंपणं सोपं नसतं. ज्याने त्याने आपापल्या बैलांच्या कासऱ्याजवळ राहायचं आणि ओढ एकाच हाळीला द्यायची. पुढची जोडी आधी निघाली तर मागच्यांच्या खांद्याला हिसका बसतो. टाळ-मृदंगाच्या आवाजाने बुजणारा बैल आणूच नये, त्याला आठ दिवस आधी गावच्या भजनाशेजारी बांधून पाहतात. बघ्यांनी बैलांच्या पुढे उभं राहून फोटो काढू नयेत. चढावर थांबलेला रथ पुन्हा हलवणं हे चालत्या रथापेक्षा कितीतरी कठीण.

घाट चढला की हिंगणीगाडा, वासुंदे, खडकी असा कोरडवाहू पट्टा. पूर्वी रस्त्याला झाडं होती. पाटसपासूनचा पालखी मार्ग रुंद झाला, चालणं सुकर झालं, पण जुनी झाडं गेली आणि नवी अजून सावलीला आलेली नाहीत. पाऊस लांबला तर हाच दिवस सर्वांत घातक. या पट्ट्यात ज्याला काही द्यायचं आहे त्याने सावली द्यावी. हिरव्या शेडनेटचा वीस बाय चाळीस फुटांचा मांडव, खाली ताडपत्री, बाजू मोकळ्या. पत्र्याचा नको, भट्टी होते. साठ-सत्तर माणसं त्यात पाय पसरून बसतात.

उन्हाने गळालेल्याला घरचं साखर-मिठाचं पाणी: एक लिटर पिण्याच्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा एकच, चहाचा. मीठ अंदाजाने घालणारे लोक चांगल्या मनाने नुकसान करतात, कारण खारट पाण्याने उलटी होते. माणूस बरळत असेल, अंग तापलेलं आणि घाम थांबलेला असेल तर पाणी पाजत बसू नये. ओलं कापड अंगभर टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन लावावा.

नववा दिवस: बारामती

मुक्काम शारदा प्रांगणात. इथे येईपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात, म्हणून पायांची सेवा करणाऱ्यांना हा मुक्काम सुचवावा. तेल लावून पाय चेपणं ही वारीतली फार जुनी सेवा आहे. वयाने थोर माणूस आपल्याहून धाकट्याच्या पायाशी बसतो आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

चेपण्यापूर्वी पाय धुवून, पुसून, उजेडात पाहावा. फोड असेल तर त्यावर तेल नको आणि वरची कातडी सोलू नये. स्वच्छ धुवून, कोरडी पट्टी लावून सोडावा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर तेलाने त्या वाढतात. तिथे कोरडं करणं आणि बुरशीवरची पावडर. एक प्रश्न प्रत्येकाला विचारावाच: साखरेचा त्रास आहे का? मधुमेह्याच्या तळव्याला जखम कळत नाही. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवल्यावर पोळतंय हे त्याला समजत नाही. पाण्याचा चटका आपल्या कोपराने पाहावा, त्याच्या सांगण्यावर जाऊ नये. एका पोटरीला सूज, गरमपणा आणि दाबल्यावर दुखणं असेल तर ती चेपायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

दहावा दिवस: काटेवाडीवरून सणसर

काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर बांधव रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण धरतात. मेंढरांना रोगराई होऊ नये ही त्यामागची श्रद्धा.

पायघड्यांकडे पाहताना एक लक्षात येतं. ज्याच्याकडे जे काम, त्याने तेच पुढे केलं आहे. परिटाने शुभ्र धोतर, धनगराने कळप, रोटी घाटात कुणब्याने बैल, पुण्यात चर्मकाराने आरी. ज्याला आपल्या हातचं काम येतं त्याने ते दिलं की त्यात चूक होत नाही. फसतात ते बहुतेक वेळा घाऊक दुकानातून पाच हजार नग आणून एका तासात संपवणारे. पाच हजार पातळ रेनकोट वाटले जातात, पहिल्याच सरीत काखेत फाटतात आणि सणसरच्या उसाच्या चरीत जाऊन पडतात. त्याच पैशांत जाड प्लास्टिकचा दोन मीटर कागद कितीतरी कमी माणसांना मिळाला असता, पण तो अंगावर घ्यायला, अंथरायला आणि पुढच्या वर्षीही चालला असता.

अकरा ते चौदा: निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज

बेलवडीला पहिलं गोल रिंगण, म्हणजे गोलाकार उभ्या वारकऱ्यांच्या मधून अश्वांची दौड. रिंगणाच्या मैदानाजवळ अन्नवाटप ठेवू नये. अश्व धावायच्या वेळी गर्दी एका दिशेने सरकते आणि उकळत्या चहाचं पातेलं तिच्या वाटेत येतं. मैदानापासून अर्धा किलोमीटर पुढे, डाव्या हाताला थांबावं. तिथी वाढलेल्या काही वर्षी आंथुर्णेला जादा मुक्काम पडतो. देणाऱ्यांनी त्या वर्षीचं वेळापत्रक देहूच्या देवस्थानकडून आधी घ्यावं, मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये.

इंदापूरनंतर सराटी, नीरेकाठी. सकाळी पादुकांना नीरा स्नान आणि मग पूल ओलांडून सोलापूर जिल्हा. नदीला पाणी सोडलेलं असेल तर काठावर दोरी धरून उभे राहणारे गावचे पोहणारे तरुण हीच इथली मोठी सेवा. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे कोणाला जाऊ देत नाहीत, आणि वारकरी त्यांचं ऐकतात.

अकलूजचं रिंगण आणि सरबराई दोन्ही मोठी. इथे पुन्हा आकुर्डीसारखं होतं, खाणं उदंड. पोहे करणाऱ्यांनी एक किलोत बारा-पंधरा बशा धराव्यात आणि गरम पोहे पिशवीत बांधून देऊ नयेत. वाफ कोंडून दुपारपर्यंत आंबतात, आणि पोट बिघडलेल्या माणसाला पुढच्या टप्प्यात शौचालय कुठे हा प्रश्न येतो.

त्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. फिरती शौचालयं मुक्कामाच्या गावी असतात. दोन मुक्कामांच्या मधल्या पट्ट्यात, पहाटे चार ते आठ, बायकांची कुचंबणा होते. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याने आपल्या घरचं शौचालय त्या चार तासांसाठी उघडलं, बाहेर बल्ब लावला, पाण्याचं टिपाड भरून ठेवलं आणि घरातली एखादी आजी दाराशी बसली तर त्याची बातमी वारीत तोंडोतोंडी फिरते. पुढच्या वर्षी बायका ते घर बरोबर शोधत येतात. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. टाकी भरेल ही भीती खरी आहे, म्हणून आषाढाआधी ती उपसून घ्यावी.

पंधरा आणि सोळा: बोरगाव, पिराची कुरोली

माळीनगरचं उभं रिंगण, म्हणजे सरळ रांगांत उभ्या वारकऱ्यांमधून अश्वांची दौड, आणि तोंडले-बोंडल्याकडचा धावा, म्हणजे वारकऱ्यांची धाव. माणसं थकलेली आणि पंढरी जवळ आलेली. घशाला कोरड, खोकला, ताप याच टप्प्यात दिसतो. गरम पाण्याचा थर्मास आणि सुंठ-गुळाचा काढा पहाटे चालतो. औषधं फक्त डॉक्टरांच्या हातून. गोळ्यांची पाकिटं भाविकपणे वाटणारे इथे भेटतात, त्यांना थांबवावं. रक्तदाबाची रोजची गोळी संपलेला माणूस सांगत नाही, पण त्याच्या पिशवीत जुनी रिकामी पट्टी असते. ती दाखवून वैद्यकीय पथकाकडून घेता येते.

सतरावा दिवस: वाखरी

बाजीराव विहिरीचं रिंगण आणि मग वाखरीचा तळ. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, सासवडहून सोपानकाका, पैठणहून एकनाथ महाराज, सगळ्या पालख्या इथे जमतात आणि पंढरपुरातून नामदेवराय सामोरे येतात. तिथी नवमी, म्हणजे कांदेनवमी. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी कांदा-वांगं खाण्याचा शेवटचा दिवस, त्यामुळे तळावर भज्यांच्या कढया पेटलेल्या असतात आणि शेजारच्या राहुटीतला माणूस मोकळ्या समाजाला हाक मारून द्रोण पुढे करतो. भजी मात्र समोर तळून समोर खावी. पावसाळी हवेत गार झालेलं तेलकट पोटाला धरत नाही.

वाखरीत माणसं हरवतात. म्हाताऱ्यांच्या खिशात गावाचं नाव, घरचा फोन आणि दिंडी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या बारीक पिशवीत घालून द्यावी. शाईच्या पेनाने लिहिलेली पावसात पुसते, बॉलपेनाने लिहावी. हे काम शाळेतली मुलं झकास करतात.

अठरावा दिवस आणि पुढे: पंढरपूर

दशमीला प्रवेश, एकादशीला चंद्रभागा आणि नगरप्रदक्षिणा. पददर्शनाची रांग कित्येक तासांची असते, आणि बरेच वारकरी कळसाला हात जोडून समाधान मानतात. रांगेत उभा असलेला माणूस लघवीला जायचा म्हटला तर पुढचा-मागचा त्याची जागा धरून ठेवतो, ओळख नसली तरी. रांगेत काही वाटायचं तर कोरडं आणि एका हाताने खाता येईल असं: राजगिऱ्याची वडी, लाडू. द्रोणातलं पातळ काही नको.

देणाऱ्यांचा ओघ एकादशीच्या दुपारी अचानक आटतो. मांडव उतरतात, फलक गुंडाळले जातात. मोकळ्या समाजाची खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण परतीची वाट कोणी सजवलेली नसते आणि पैसे संपलेले असतात. एसटी जादा गाड्या सोडते. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि ते कित्येकांचं वाटेत भिजून गेलेलं असतं. निघताना आधारची एक प्रत लॅमिनेट करून द्यावी. परतणाऱ्या दिंडीच्या ट्रकमध्ये, सामान उतरलेलं असल्याने, दहा-बारा माणसांची जागा निघते. चालकाला आदल्या रात्री विचारून ठेवलं तर तो आपल्या वाटेवरच्या गावांची नावं सांगतो. द्वादशीच्या सकाळी स्थानकाबाहेर चहा, पिठलं-भाकरीची शिदोरी आणि तिकिटापुरते पैसे घेऊन उभे राहणारे थोडे लोक असतात. तिथे अजून पुष्कळ जणांची गरज आहे.